एचपीव्हीवरची उपचार-लस : बाजारात नसलेल्या मालाचा रिव्ह्यू

वापरल्याशिवाय कुठल्याही वस्तूबद्दल लिहायचं नाही, हा माझा नियम. इथे तो बाजूला ठेवतेय, कारण ही वस्तू वापरायला मिळतच नाही. तरी तिच्याबद्दल बोलणं असं चालतं, की जणू ती फ्रीजमध्ये तयार आहे आणि डॉक्टरच मुद्दाम काढून देत नाहीत. गर्भाशयमुखावर कॅन्सरच्या आधीची अवस्था सापडली की बाई रात्री फोन घेऊन बसते आणि एकच गोष्ट शोधते : कापाकापीशिवाय भागेल का? मीही शोधलं. माझ्या रिपोर्टवर ‘सीआयएन ३, एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह’ असं होतं. सीआयएन म्हणजे हीच कॅन्सरच्या आधीची अवस्था, १ सौम्य ते ३ सगळ्यात गंभीर; एचपीव्ही हा ती घडवणारा विषाणू, आणि १६ हा त्याचा एक प्रकार. पेशाने मी ऑडिटर. ताळेबंदाचं गुळगुळीत पहिलं पान उलटून आधी मागच्या टिपा वाचायच्या, ही जुनी खोड. या लशींचे प्रसिद्ध झालेले निकालही मी तसेच वाचले.

निष्कर्ष आधीच सांगून टाकते, म्हणजे घाई असणाऱ्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. कल्पना अव्वल आहे. आजवरचे आकडे बरे आहेत, पण बातम्यांत दिसतात तितके नाहीत. आणि तुमच्या हातात आज सीआयएन ३ चा रिपोर्ट असेल, तर या लशीची वाट बघत थांबू नका.

आता सविस्तर. मुलींना वयात येताना देतात ती लस वेगळी. ती प्रतिबंधक. तिच्यात विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं, म्हणजे एल१ नावाच्या प्रथिनाचं, नुसतं पोकळ टरफल असतं. ते बघून शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि खरा विषाणू आला की ती त्याला पेशीत शिरायच्या आधीच पकडतात. काम चोख करते ती. पण विषाणू एकदा आत शिरून बसला की प्रतिपिंडांना तिथवर पोचता येत नाही, आणि खालच्या थरातल्या बाधित पेशी ते कवच बनवतही नाहीत. कोस्टा रिकामध्ये आधीच संसर्ग असलेल्या बायकांवर हे तपासून झालंय. २००७ साली निकाल आला : निम्म्यांना एचपीव्हीची लस दिलेली, निम्म्यांना हिपॅटायटिस ए ची. वर्षभराने दोन्ही गटांत साधारण निम्म्या जणींचा संसर्ग गेलेला. म्हणजे तो आपोआप गेला, लशीमुळे नाही.

हे मुद्दाम सांगतेय, कारण मी दुसरं मत घ्यायला गेले तिथे मला सरळ ‘यावर उपचार म्हणून’ हीच प्रतिबंधक लस सुचवली गेली, तीही तीन डोसांचं पॅकेज करून. नाव घेत नाही. ज्या प्रकारांचा संसर्ग अजून झालेला नाही त्यांच्यापासून बचाव म्हणून ती घेण्यात अर्थ असू शकतो, तो निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा. पण असलेला चट्टा ती पुसत नाही. असं सांगणाऱ्याकडून बिल घ्या आणि बाहेर पडा.

उपचार-लशीचा निशाणा निराळा. विषाणूची ई६ आणि ई७ अशी दोन प्रथिनं आहेत. ई६ पेशीतल्या पी५३ ची वाट लावतं, ई७ आरबी ला निकामी करतं. पी५३ आणि आरबी ही पेशीच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारी प्रथिनं. लगाम सुटला की पेशी वाढत सुटते, आणि अशी वाढत राहायला तिला ई६-ई७ सतत बनवावीच लागतात. ती टाकून देऊन तिला लपता येत नाही. म्हणून टी पेशींना, म्हणजे बाधित पेशी शोधून मारणाऱ्या शरीराच्या शिपायांना, याच दोन प्रथिनांची ओळख करून द्यायची आणि ती दिसतील ती पेशी मारायला लावायची. १९८३ मध्ये हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही १६ शोधला, २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. निशाणा कुठे आहे हे कळून पुष्कळ वर्षं झाली. नेम लागत नाहीये.

तो का लागत नाही हे मला कॉल्पोस्कोपीच्या (गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून बघण्याच्या तपासणीच्या) टेबलावर थोडंफार उमगलं. आमच्या डॉक्टरबाई बोलक्या, स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाल्या, “बघायचंय ना? बघा मग.” गुलाबी, ओलसर, गोल तोंड. त्यावर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला बोळा धरला. गार लागलं, थोडं चुरचुरलं. मिनिटभरात घड्याळाच्या बाराच्या जागेवर पांढरा पट्टा उमटायला लागला, कडा कोरून काढल्यासारख्या. हिरवा फिल्टर लावला तर त्याच्या आत रक्तवाहिन्यांची टोकं काळ्या ठिपक्यांसारखी दिसली. मग आयोडीन. आजूबाजूचं सगळं गडद तपकिरी झालं आणि तो पट्टा तेवढा पिवळट राहिला. “खोका जरा,” म्हणाल्या, आणि खोकताना चिमटा बसला. ती बायप्सी. (नंतर एक-दोन दिवस काळपट चुरा पडतो, तो रक्त थांबवायला लावलेल्या औषधाचा. कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतेय.)

मी त्यांना म्हटलं, एवढासा तर आहे, तुमच्या टी पेशींना दिसत नाही का? त्या म्हणाल्या, दिसत नाही हीच तर गोम आहे. हा विषाणू पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, दाह करत नाही, त्यामुळे शरीरात धोक्याची घंटाच वाजत नाही. वर बाधित पेशी आपल्या पृष्ठभागावर आतली प्रथिनं मांडून दाखवण्याची यंत्रणा मंद करतात. लशीने रक्तात हव्या त्या टी पेशी भरपूर तयार झाल्या, तरी त्या दंडातून निघून या पट्ट्याच्या आत शिरल्या पाहिजेत. रक्ततपासणीत झकास प्रतिसाद आणि चट्टा जागच्या जागी, असं होऊ शकतं ते यामुळेच.

आता आकडे. पण त्याआधी कोणती रकाना-जोडी वाचायची ते ठरवू या. लस घेतलेल्यांपैकी किती बऱ्या झाल्या, हा अर्धा हिशेब झाला. काहीच न घेता किती बऱ्या झाल्या, हे शेजारच्या रकान्यात असतं, आणि बातमीत नेमकं तेच गळतं. सीआयएन २ चं घ्या. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशेब सांगतो की नुसतं लक्ष ठेवलं तर दोन वर्षांत ५० टक्के बायकांचा डाग मागे हटतो, ३२ टक्क्यांचा तसाच राहतो, १८ टक्क्यांचा पुढे सरकतो. तिशीच्या आतल्या बायकांत तर ६० टक्के मागे हटतात. म्हणजे सीआयएन २ असलेल्या तरुण मुलींना साखरेचं पाणी टोचलं तरी निम्म्याहून जास्त ‘बऱ्या’ होतील आणि टोचणाऱ्याची जाहिरात होईल.

सीआयएन ३ चा स्वभाव असा मवाळ नाही. तो किती कडक, हे जगाला कळलं ते एका लाजिरवाण्या प्रकरणामुळे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकापासून काही बायकांना पुरेसे उपचार न देता नुसतं पाहत राहिले, आणि त्या बायकांना याची नीट कल्पनाही दिलेली नव्हती. पुढे चौकशी बसली, १९८८ मध्ये अहवाल आला. २००८ मध्ये त्या नोंदींचा हिशेब प्रसिद्ध झाला : जुजबी बायप्सीवर भागवलेल्या बायकांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण ०.७ टक्के. हे दोन आकडे मी कागदावर शेजारी शेजारी लिहिले. ‘काही महिने थांबून बघू या’ हा विचार त्यानंतर माझ्या मनात आला नाही.

तर लशी. सगळ्यात गाजलेली व्हीजीएक्स-३१००, इनोव्हिओ कंपनीची. ही डीएनए लस. ई६-ई७ चा मजकूर असलेली डीएनएची वर्तुळं दंडात टोचायची आणि लगेच त्याच जागी सुयांतून विजेचे छोटे झटके द्यायचे, म्हणजे पेशींची दारं क्षणभर उघडतात आणि डीएनए आत जातो. तीन डोस : सुरुवातीला, चौथ्या आठवड्यात, बाराव्या आठवड्यात. २०१५ साली १६७ बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला. लस घेतलेल्यांत ४९.५ टक्के जणींचा डाग मागे हटला. ‘निम्म्या बायका शस्त्रक्रियेविना बऱ्या’ हे वाक्य तिथूनच निघालं. शेजारचा रकाना : प्लासिबो, म्हणजे लस नसलेलं नुसतं नावाचं इंजेक्शन, ३०.६ टक्के. म्हणजे लशीची स्वतःची कमाई शंभरात सुमारे १९. वाईट नाही हो. डीएनए लशीने माणसात इतकं करून दाखवणं ही खरीच मोठी गोष्ट होती, आणि ज्यांनी ते केलं त्यांना मी सलामच करते. पण १९ म्हणजे ५० नव्हे. टोचल्या जागी लाली ७८ टक्के जणींना आली, प्लासिबोवाल्यांपैकी ५७ टक्क्यांना; झटके दोघींनाही बसतात ना. तेवढा त्रास कोणीही सोसेल.

पुढे तिसऱ्या टप्प्याच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. इथे अट कडक होती : डागही हटला पाहिजे आणि विषाणूही गेला पाहिजे. पहिलीत लस २३.७ टक्के, प्लासिबो ११.३. दुप्पट, बरोबर. पण उलट्या बाजूने वाचा : दर चारपैकी तीन बायकांना तीन डोस आणि सगळी वाट बघून शेवटी टेबलावर जावंच लागलं असतं. दुसऱ्या चाचणीत मुख्य हिशेब बायोमार्करने निवडलेल्या, म्हणजे लस जिला लागू पडेल असा अंदाज होता, अशा बायकांपुरता ठेवलेला, आणि नेमका तिथेच फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. सगळ्या बायका धरल्या तर फरक दिसत होता. माझ्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, पण आधी आखलेली रेघ ओलांडली गेली नाही एवढं खरं. २०२३ मध्ये कंपनीने गर्भाशयमुखासाठीचं हे काम थांबवलं. ज्या लशीबद्दल अजूनही जोरात फॉरवर्ड फिरतात, ती हीच.

बाकीच्या भराभर सांगते. देवीच्या लशीच्या नात्यातला, दुबळा केलेला एमव्हीए विषाणू वाहन म्हणून वापरून ई६-ई७ पोचवणारी एक लस होती. २०१९ ला छापलेला निकाल २४ टक्के विरुद्ध १० टक्के. कोरियातल्या जीएक्स-१८८ई या डीएनए लशीने २०१४ मध्ये ९ पैकी ७ जणींचे डाग घालवले, पण नऊच जणी आणि शेजारी रकानाच नाही. नेदरलँड्समधल्या लायडनच्या मंडळींनी २००९ मध्ये प्रथिनांचे लांब तुकडे टोचून योनीच्या बाहेरच्या भागावरचे असेच डाग हाताळले, तिथे वर्षभराने १९ पैकी ९ जणींचे पूर्ण गेले. जागा वेगळी, पण तिथले डाग सहसा आपोआप जात नाहीत, म्हणून मला हा निकाल दिसतो त्यापेक्षा वजनदार वाटतो.

आणि सध्या ज्या एकीकडे मी आशेने बघते ती नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगेनची व्हीव्हॅक्स००१. सेमलिकी फॉरेस्ट नावाच्या विषाणूला शरीरात पसरता येणार नाही असं करून त्याच्याकरवी ई६-ई७ पोचवतात. तीन आठवड्यांच्या अंतराने तीन डोस. २०२५ मध्ये निकाल छापला : एचपीव्ही १६ मुळे सीआयएन ३ झालेल्या, म्हणजे हुबेहूब माझ्यासारख्या, १८ बायका. १७ जणींचा डाग लहान झाला, ९ जणींचा सीआयएन १ वर आला किंवा पार गेला. सीआयएन २ ची भेसळ नाही ही जमेची बाजू. प्लासिबो गट नाही आणि अठराच जणी, ही खर्चाची. याची मोठी चाचणी झाली तर मी तो निकाल आल्या दिवशी वाचेन.

घशात वारंवार मस्से उगवण्याचा एक आजार आहे, एचपीव्ही ६ आणि ११ मुळे होणारा. त्यावरच्या अशाच धाटणीच्या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मान्यता दिली. ३५ पैकी १८ रुग्णांना उपचारानंतर वर्षभर शस्त्रक्रिया लागली नव्हती. गर्भाशयमुखाशी त्याचा थेट संबंध नाही. पण ‘असलं काही कधी मान्य होणारच नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून ठेवून द्या.

आता प्रतिस्पर्ध्याबद्दल, कारण त्याच्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही. लीप म्हणजे विजेवर तापणाऱ्या बारीक तारेच्या फासाने तो भाग कापून काढणं. मी ते करून घेतलं. मांडीला चिकटपट्टी, मग भूल. त्या इंजेक्शनात रक्तस्राव कमी व्हायला अ‍ॅड्रेनालिन असतं, त्याने छाती धडधडते आणि पाय लटपटतात. ते भीतीने होतंय असं वाटून मी उगाच स्वतःवर चिडले. धूर ओढणाऱ्या नळीची घरघर सुरू झाली, जळका वास आला, आणि “झालं” हे ऐकू येईपर्यंत खरंच झालं होतं. तार फिरायला काही सेकंद लागली असतील. बाटलीतला तुकडा दाखवायला सांगितला : बोटाच्या पेरापेक्षा लहान, बाराची बाजू कळावी म्हणून एक दोरा घातलेला. नंतरचे काही आठवडे पाण्यासारखा स्राव, कंटाळवाणा. संबंध नाही, पोहणं नाही.

या तुकड्यामुळेच लीप अजून पुढे आहे, असं माझं मत झालंय. पॅथॉलॉजिस्ट तो काप करून सगळा बघतो, कडा मोकळ्या आहेत का ते सांगतो, आणि बायप्सीच्या चिमट्यात न सापडलेला छोटा कॅन्सर आत दडला असेल तर तो इथे सापडतो. लस दिली तर तपासायला असं काही हाती येत नाही. डाग मागे हटतोय की खाली काही शिजतंय, हे पुन्हा चिमटे काढूनच बघावं लागतं. वर लीपचं यश पहिल्या फटक्यात साधारण दहापैकी नऊ. २३.७ टक्क्यांच्या औषधाला या गड्यासमोर उभं राहायचंय.

मग लस हवी कुणाला? मला मुलं झालेली आहेत, पुढे नको आहेत. पण पंचविशी-तिशीतल्या, मूल व्हायचं असलेल्या बाईसाठी हिशेब बदलतो. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा गर्भाशयमुखावर उपचार झालेल्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १०.७ टक्के दिसली, न झालेल्यांत ५.४. जितका खोल काप तितकी जोखीम जास्त, आणि दुसऱ्यांदा कापावं लागलं तर आणखी. लीप होऊनही ज्यांचा डाग परत येतो, ज्यांच्याकडे आता कापायला फारसं उरलेलंच नाही, त्याही याच रांगेत. या बायकांसाठी शंभरात १९ सुद्धा मोलाचे. माझी लहान मावसबहीण विचारेल तर तिला मी नियमबद्ध, देखरेखीखालच्या चाचणीत जायला नाही म्हणणार नाही.

तारे द्यायचेच तर कल्पनेला पाच, संशोधकांच्या चिकाटीला पाच, आजवरच्या निकालांना अडीच, उपलब्धतेला काहीच नाही. लीपला साडेचार, अर्धा त्या अपुऱ्या दिवसांपायी कापला, स्वतःला त्रास झाला म्हणून नव्हे.

चाचणीत जाणाऱ्यांनी सही करायच्या आधी काही गोष्टी विचारून लेखी घ्याव्यात. तुमचा एचपीव्ही प्रकार कोणता आणि लस कोणत्या प्रकारावर आहे : या लशी बहुतेक १६ वर, फार तर १६ आणि १८ वर बेतलेल्या असतात; तुमचा ३१, ३३ किंवा ५२ असेल तर उपयोग नाही. प्लासिबो गट आहे का आणि त्यात पडलात तर किती महिने काही न घेता जातील. मध्ये कॉल्पोस्कोपी किती वेळा, आणि डाग वाढताना दिसला तर कोण, कधी थांबवून लीप करणार. शेवटी डाग हटला नाही तर लीपचा खर्च कोणाचा. माहितीपत्रक घरी न्यायला मागा, आणि सही दुसऱ्या भेटीत करा.